मतदार जागेवर, राज्य फिरतीवर

१९२५ च्या आसपास वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यात जन्मलेला, तिथेच शेती केलेला आणि शेगावच्या वारीपलीकडे गाव फारसं न सोडलेला एक मतदार डोळ्यांपुढे आणा. १९५२ साली त्यानं आमदार निवडला तो मध्य प्रदेशच्या विधानसभेसाठी. १९५७ साली मुंबई राज्याच्या आणि १९६२ साली महाराष्ट्राच्या. लागोपाठ तीन निवडणुका, तीन राज्यं. घर तेच, शेत तेच. त्याच्याच भावकीतला एखादा पोरगा फौजेत गेला असेल, तर त्याची गोष्ट बरोबर उलटी. तो कधी पठाणकोटला, कधी लेहला, कधी तेजपूरला. पण मतदार यादीत त्याचं नाव नांदुऱ्यातच. एकाच्या पायाखालून राज्य सरकतं, दुसरा देशभर सरकतो, आणि दोघांनाही एका गावाशी बांधून ठेवतो तो कागद एकच, मतदार यादी.

निवडणुकीचा इतिहास आपण बहुधा निकालांतून वाचतो. कोण जिंकलं, किती मतांनी, कुणाची अनामत जप्त झाली. सरकार एखाद्या माणसाला कुठला समजतं, हे मात्र यादीत कळतं. वऱ्हाडापुरतं बोलायचं, तर या बाबतीत सरकारची समजूत शंभर वर्षांत इतक्यांदा बदलली, की तिचा माग काढताना गंमतही वाटते आणि थोडी चीडही येते.

घोळ १८५३ पासूनचा. हैदराबादच्या निजामाकडची बाकी वसूल करण्यासाठी इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला, पण मालकी कागदोपत्री निजामाचीच ठेवली. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनच्या काळात कायमचा भाडेपट्टा झाला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. पट्टा कायमचा, तरी मालक निजामच! त्यामुळे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार १९२० साली नव्या कायदेमंडळांच्या निवडणुका आल्या, तेव्हा नागपूरच्या कायदेपंडितांपुढे पेच पडला. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नाही, मग तिथला माणूस ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळावर निवडून कसा येणार? तोडगा निघाला तो खास कचेरीतला. वऱ्हाडातल्या मतदारांनी मत द्यायचं, मतमोजणी व्हायची, विजयी उमेदवार ठरायचा, आणि मग गव्हर्नरनं त्याच माणसाची नेमणूक करायची. म्हणजे त्या काळच्या कायदेमंडळाच्या दप्तरात वऱ्हाडचे सभासद सरकारनियुक्त दिसतात. लोकांनी निवडलेले असूनही. ज्यांना निवडणुकीचे जुने कागद वाचायची हौस आहे, त्यांनी हा नमुना ध्यानात ठेवावा. कागद खोटं बोलत नसतो, पण सगळं खरंही सांगत नसतो.

१९३६ च्या करारानं प्रांताचं नावच ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ झालं. निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणायचं ठरलं आणि इंग्रजांच्या निशाणाशेजारी हैदराबादचंही निशाण फडकवण्याला मान्यता मिळाली. १९३७ च्या निवडणुका या दोन निशाणांच्या सावलीत झाल्या.

या सगळ्यात मतदार होता तरी कोण? आजच्या माणसाला हे वाचून धक्का बसेल. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात प्रांतवार पात्रता दिली आहे. मुळात शेतसारा भरणारा, ठरावीक किमतीच्या जमिनीचा धनी किंवा कूळ, शहरात घरपट्टीवाला. वऱ्हाडात अधिकारावर असलेला वतनदार पाटील किंवा पटवारी त्याच्या वतनाच्या बळावर मतदार. विद्यापीठाच्या प्रवेशापुरती परीक्षा पास झालेला मतदार. आणि मग येतो फौजी: सरकारच्या नियमित सैन्यातून निवृत्त झालेला, पेन्शन घेतलेला किंवा सेवामुक्त झालेला अधिकारी अथवा साधा शिपाई.

ही शेवटची अट नीट पाहण्यासारखी आहे. लष्करी सेवेचा हा दरवाजा १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या वेळीच उघडला होता. पहिल्या महायुद्धात हिंदी फौज फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात लढली होती. तिचं देणं काहीतरी फेडायला हवं, एवढी जाण सरकारला होती. मताधिकार ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि तरुण भीमराव आंबेडकर या दोघांनी साक्षी दिल्या होत्या, आणि मालमत्तेची अट अस्पृश्यांना कशी बाहेर ठेवते हा त्या साक्षींतला कळीचा मुद्दा होता. या पार्श्वभूमीवर फौजेच्या अटीचं वजन वाढतं. ज्याच्या नावावर बिघाभर जमीन नाही, गावात ज्याला चावडीची पायरी चढू देत नाहीत, त्याच्या पेटीत पलटणीचा डिस्चार्जचा कागद असेल, तर तो मतदार. पाटलाला वतनानं मिळालेला हक्क त्याला नोकरीनं मिळाला. १९३५ च्या कायद्यानं त्यात आणखी एक भर घातली: शिपायाची पेन्शन घेणारी विधवा किंवा पेन्शन घेणारी आईही मतदार. मुलगा गमावलेल्या आईला त्याच्या जिवाच्या बदल्यात मत मिळायचं, हे कायद्याच्या कोरड्या भाषेत वाचताना क्षणभर थांबायला होतं.

एक मेख मात्र तशीच राहिली. मत मिळायचं ते फौजेतून बाहेर पडल्यावर. चालू नोकरीतल्या शिपायाला सेवेच्या नात्यानं मताचा हक्क या परिशिष्टानं दिला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ही मेख फार बोचरी दिसली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदान ५ जुलैला, निकाल २६ जुलैला. मधले तीन आठवडे मतपेट्या बंद ठेवल्या, कारण जगभर पसरलेल्या ब्रिटिश सैनिकांची मतं यायची होती. त्यात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात असलेल्या गोऱ्या सोजिरांचीही मतं होती. त्याच आघाडीवर, त्याच चिखलात, शेजारच्या खंदकात बसलेला मराठा किंवा महार पलटणीतला जवान आपल्या साहेबाला मतपत्रिकेचा लिफाफा बंद करताना पाहत असेल. चर्चिल हरले, अॅटली आले आणि दोन वर्षांत इंग्रजी राज्य गेलं. हिंदुस्थानच्या भवितव्यावर परिणाम करणाऱ्या त्या निवडणुकीत हिंदुस्थानात तैनात असलेल्या इंग्रज शिपायानं मत दिलं, हिंदी शिपायानं नाही.

लढणाऱ्या माणसाच्या मताचा प्रश्न याआधी मोठ्या प्रमाणावर गाजला तो अमेरिकेत. तिथल्या आरंभीच्या निवडणुका म्हणजे उघडा मामला. व्हर्जिनियात मतदार सर्वांसमोर उभा राहून उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचा आणि कारकून त्या उमेदवाराच्या रकान्यात मतदाराचं नाव लिहायचा. १७८९ साली जेम्स मॅडिसन आणि जेम्स मन्रो, म्हणजे पुढे अध्यक्ष झालेले दोघं, एकाच जागेसाठी भिडले. मॅडिसन १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी जिंकले. अशा वह्या जिथे टिकल्या, तिथे कोणत्या शेतकऱ्यानं कुणाला मत दिलं हे आजही नावानिशी वाचता येतं. न्यू जर्सीत तर १८०७ पर्यंत मालमत्ता असलेल्या बायकांचीही नावं यादीत होती. मग कायदा करून ती काढली. हक्क एकदा मिळाला की पुढे वाढतच जातो, असं मानणाऱ्यांनी न्यू जर्सी लक्षात ठेवावं. या काळाचे निकाल गोळा केले ते फिलिप लँपी नावाच्या एका ध्यासवेड्या संशोधकानं. जुन्या वर्तमानपत्रांतून आणि दप्तरांतून आकडे हातानं उतरवत त्यानं कित्येक वर्षं काढली, आणि त्याच्या वह्यांवरून वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीनं १७८७ ते १८२५ या काळाचा संग्रह उभारला.

शिपायाचा प्रश्न यादवी युद्धात पेटला. १८६२ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं छावणीतली मतं रद्द ठरवली. युक्तिवाद असा, की मतदारानं आपल्या राहत्या जागीच मत द्यावं असं घटना सांगते. छावणी म्हणजे घर नव्हे. निकाल देणारे न्यायमूर्ती वुडवर्ड पुढच्याच वर्षी गव्हर्नरपदाला उभे राहिले आणि पडले. शिपायांच्या नातेवाइकांनी तो निकाल विसरावा असं काही कारण नव्हतं. तरी १८६४ पर्यंत १९ राज्यांनी रणांगणावरच्या मतदानाची सोय केली. कुठे छावणीतच मतपेटी आणि वही, तर न्यू यॉर्कसारख्या राज्यात शिपायानं आपली मतपत्रिका बंद लिफाफ्यात घालून अधिकारपत्रासह गावाकडे पाठवायची आणि तिथल्या माणसानं ती त्याच्या वतीनं पेटीत टाकायची. जिथे कसलीच सोय नव्हती, तिथे पलटणींना रजा देऊन घरी धाडलं. त्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, स्वतंत्र मोजल्या गेलेल्या शिपायांच्या मतांत लिंकनला सुमारे १ लाख २० हजार आणि मॅक्लेलनला ३४ हजार मतं पडली. मॅक्लेलन हा याच शिपायांचा पूर्वीचा सेनापती, हे ध्यानात घेतलं की त्या आकड्यांना धार येते. लिफाफ्यात अफरातफर झाल्याच्या तक्रारीही आल्या आणि न्यू यॉर्कच्या काही मुखत्यारांवर बनावट मतांचे खटले चालले. टपाली मतावर शंका घ्यायची सवय मतपेटीइतकीच जुनी आहे.

आता नांदुऱ्याकडे. स्वातंत्र्य मिळालं, निजामाची मालकी इतिहासजमा झाली, आणि २६ जानेवारी १९५० पासून नांदुरा मध्य प्रदेश या राज्यातलं, राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. भोपाळचा इथे संबंध नाही. ते तेव्हा वेगळंच राज्य होतं. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ते नकाशा मागतात, आणि मागावाच.

प्रौढ मताधिकाराच्या यादीचं काम मात्र राज्यघटना पुरी होण्याआधीच सुरू झालं होतं. घटना समितीच्या सचिवालयानं १९४८ सालीच प्रांतांना यादीच्या सूचना पाठवल्या. सारा, वतन, परीक्षा, पेन्शन या साऱ्या अटी एका फटक्यात गेल्या. २१ वर्षं वय आणि वास्तव्य, बस्स. गावोगावी हे काम पटवाऱ्यासारख्या माणसांवरच येऊन पडणार होतं. ज्यानं आजवर खातेदार लिहिले, त्यानं आता खातं नसलेली माणसं लिहायची. शेतमजूर, गडी, विधवा. हिशेबाच्या वहीत ज्यांना जागा नव्हती, त्यांची नावं खातेदाराच्या शेजारी आली. माझ्या मते या देशातली क्रांती मतदानाच्या दिवशी झाली नाही. ती आधीच, शाईनं, यादीत होऊन गेली होती.

बायकांच्या नावांचा घोळ सगळ्यांना ठाऊक आहे. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशा नोंदी झाल्या, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नाव सांगितल्याशिवाय नोंद ग्राह्य धरली नाही. सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. हा प्रकार मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातला. त्यातला ‘मध्य भारत’ म्हणजे आपला तेव्हाचा मध्य प्रदेश नव्हे. नावं सारखी असली की वाचणाऱ्याचा पाय घसरतो.

त्या पहिल्या निवडणुकीला देशभर १७ कोटी ३२ लाख मतदार. याद्या टंकायला साडेसोळा हजार कारकून, ३ लाख ८० हजार रीम कागद, पेट्यांसाठी ८,२०० टन पोलाद. त्यातल्या लाखो पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या आणि मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात, रुपयाच्या नोटेएवढ्या. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्हाचा कागद: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा, झालं. शंभरातली अठरा माणसं साक्षर असलेल्या देशात ही युक्ती फार शहाणपणाची होती.

बुलढाणा जिल्ह्याच्या मतदाराला मात्र जरा जास्तच डोकं लावावं लागलं. लोकसभेचा बुलढाणा-अकोला मतदारसंघ द्विसदस्य, म्हणजे एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला लोकसभेसाठीच दोन मतपत्रिका, आणि दोन्ही एकाच पेटीत टाकायच्या नाहीत. शिवाय विधानसभेची वेगळी. गोपाळराव बाजीराव खेडकर आणि लक्ष्मण श्रावण भटकर हे दोघं काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. विधानसभेच्या २३२ पैकी १९४ जागा काँग्रेसला. निकालात चुरस नव्हती. त्यामुळे इतिहासकारांनी या निवडणुकीकडे पाहिलं तेही उडतं.

मग राज्य हललं. १९५५ साली राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं स्वतंत्र विदर्भ सुचवला. तो कधी आलाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसचं पानिपत केलं, पण विदर्भानं काँग्रेसला हात दिला आणि यशवंतराव चव्हाणांचं सरकार तरलं. पेट्यांची पद्धत तीच होती. १९६२ ला राज्य महाराष्ट्र झालेलं, द्विसदस्य मतदारसंघ गेलेले, आणि आपल्या मतदाराच्या हाती प्रथमच सगळ्या उमेदवारांची चिन्हं छापलेली एकच मतपत्रिका आणि शिक्का. दहा वर्षांत त्याचं राज्य दोनदा बदललं आणि मत देण्याची रीतही बदलली.

आणि तो फौजेतला पोरगा? त्याच्यासाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, जो कायदामंत्री म्हणून डॉ. आंबेडकरांनी संसदेत मांडला, विसावं कलम आलं. सेवेमुळे माणूस कुठेही असो, ही सेवा नसती तर तो जिथं राहिला असता तिथलाच तो रहिवासी मानावा. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायमूर्तींना जो पेच पडला होता, त्याचं हे उत्तर: छावणी घर नव्हेच, पण घरही सुटलेलं नाही. यादीच्या अगदी शेवटच्या भागात सैनिक मतदारांची नावं वेगळी येतात. गावची यादी चाळणारे तो भाग बहुधा उलटतही नाहीत. या सैनिकांना टपालानं मतपत्रिका जायची, परत येताना एका छोट्या लिफाफ्यात मतपत्रिका, वेगळ्या कागदावर अधिकाऱ्यानं साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र, आणि दोन्ही मोठ्या लिफाफ्यात.

यंत्रणा निर्दोष, अंतर बेइमान. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याखेरीज मतपत्रिका छापता येत नाही, आणि तिथून मोजणीपर्यंतच्या दिवसांत कागदानं बर्फातल्या चौकीवर जाऊन परत यायचं. २०१४ च्या लोकसभेला सैनिक मतदारांपैकी जेमतेम चार टक्क्यांची मतं पडली. म्हणजे सहा दशकं हक्क होता, मत नव्हतं. मधे २००३ साली मुखत्याराकडून मत देण्याची मुभा आली; १८६४ च्या न्यू यॉर्कची आठवण व्हावी अशी. खरा फरक पडला तो २०१६ मध्ये नियम बदलून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवायला सुरुवात झाल्यावर. जाण्याचा वेळ वाचला. यायला अजून टपालच. २०१९ ला नोंदलेल्या सुमारे १८ लाख सैनिक मतदारांपैकी १० लाखांवर मतपत्रिका परत आल्या.

एक गोष्ट मात्र २०२१ पर्यंत कुणाच्या लक्षात आली नव्हती, किंवा आली असून कुणी हलवली नव्हती. सैनिकासोबत राहणारी त्याची बायको सैनिक मतदार म्हणून नोंदता यायची. महिला अधिकाऱ्यासोबत राहणारा तिचा नवरा मात्र नाही. ती दुरुस्ती त्या वर्षी झाली.

नांदुऱ्याचं फिरणंही अजून थांबलेलं नाही, फक्त आता राज्य नव्हे तर मतदारसंघ हलतात. २००८ च्या पुनर्रचनेत तालुक्याचे दोन तुकडे झाले: शहर आणि काही गावं मलकापूर विधानसभेत, बाकीची जळगाव जामोदमध्ये. जळगाव जामोद बुलढाणा लोकसभेत, तर मलकापूर रावेरला जोडलं गेलं. त्यामुळे सीमेवरच्या नांदुऱ्याच्या जवानाचा लोकसभेचा लिफाफा बुलढाण्याला जात नाही. तो जातो जळगावला, आणि हे जळगाव म्हणजे शेजारचं जळगाव जामोद नव्हे, खानदेशातलं. मोजणीच्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी टपाली मतं घेतात. विदर्भातल्या गावाचं मत खानदेशात उघडलं जातं.